धावड्याची पुडी, डॉक्टरची गोळी

मंगळवार, ८ जानेवारी १९५७

ही वही माझ्या लेकाला, बद्रीला, पार्सल हापिसात एका सरकीच्या व्यापाऱ्यानं दिली. बद्री म्हणला, "माय, मला काय करायची, तू घे." तारखा छापलेल्याच आहेत, ते एक बरं. लहानपणी माहेरी, धावड्याला, गुरुजीकडं मी धूळपाटीवर ढ पर्यंत शिकले, मंग लग्न झालं अन् पुढचं राहून गेलं. पुढचं सगळं बद्रीच्या लेकीनं, पुष्पानं शिकवलं. चार वर्षं लागली. नात आजीला छडी दाखवती अन् मी हसते, मंग ती अजून चिडती.

आज तिची सोयरीक जमली, म्हणून वही आजच उघडली. स्थळ काकासाहेब वकिलांचं. मुलगा हैदराबादेत शिकून आला, आता बापाच्या हाताखाली वकिली करून राह्यला. फाल्गुनात बार उडवायचा. मला इतका आनंद झाला की शेजारच्या सायरबाईला भिंतीवरूनच ओरडून सांगितलं.

पर एक गोष्ट मनाला लागली. वकिलांच्या मंडळी, उषाबाई, चहा पिता पिता म्हणल्या, "सगळं पसंत आहे हो आजी. फक्त आमचा मुलगा म्हणतो, हिला सायकलवर मागं बसवली तर हवेचा पंप संगंच ठेवावा लागेल." अन् हसल्या. मीबी हसले. ते गेल्यावर मला असा राग आला की त्यांचे कप मी दोनदा विसळले. पुष्पा अंगानं भरलेली आहे, मंग? आमच्या येळेला बारीक पोरगी दिसली की लोकं विचारायचे घरात खायला न्हाई का.

तर त्यांचं म्हणणं, लग्नापर्यंत मुलीनं थोडं उतरावं. उषाबाईंचे भाऊ भुजंगराव डॉक्टर आहेत, नवीन जालन्यात. भूक मारायच्या गोळ्या निघाल्यात म्हणं, ते देतील.

दम्याचं आम्ही काही बोललो न्हाई. त्यांनी विचारलं न्हाई, मंग आपण होऊन कशाला? दम्याच्या पोरीला कोण करून घेतं? दुर्गा, माझी सून, ते गेल्यावर म्हणली, "आत्याबाई, सांगून टाकावं. उद्या कळलंच तर?" मी म्हणले, "तू गप बस." सून चांगली आहे, पर कुठं बोलावं ते तिला कळत न्हाई.

पुष्पाचा दमा तसा माझ्या मुठीत आहे. चार वर्षांची होती तवापासून धावड्याच्या कारभारी वैद्याची पुडी चालू आहे. थंडीत सकाळ-संध्याकाळ मधातून. आमचा शेतातला वाटेकरी कडूबा बाजाराला आला की पुड्या घेऊन येतो. घरात पाव्हणं असलं तर मी म्हणते, पोटाचं चूर्ण आहे.

शनिवार, १२ जानेवारी

डॉक्टरकडं जाऊन आलो. मी, दुर्गा, पुष्पा, अन् उषाबाई आपण होऊन संगं आल्या. "माझ्याच भावाचा दवाखाना, तुम्हाला बसून राहावं लागायचं न्हाई," म्हणल्या. बराबर आहे, बसून राहावं लागलं न्हाई. पर त्या खुर्ची ओढून पुष्पाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, जसं काही दुकानात कापड बघून राह्यल्या.

डॉक्टरनं पुष्पाला काट्यावर उभं केलं अन् आकडा मोठ्यानं वाचला. पोरीचे कान लाल झाले. मंग दंडाला पट्टा बांधून फुसफुस हवा भरली. मंग विचारलं, "आजी, मुलीला दुसरं कुठलं औषध चालू आहे का? मोठं दुखणं काही?"

मी म्हणले, "बिलकुल न्हाई. घोड्यासारखी आहे."

त्यात खोटं काय बोलले? पुडी काय औषध आहे? औषध शिशीत असतं, न्हाई तर सुईत. पुडी म्हणजे घरचं. सुंठ, मिरी, कसली तरी पाल्याकाडीची भुकटी. ओवा खाल्ला तर डॉक्टरला सांगायला जातो का आपण?

डॉक्टर म्हणला, "सकाळी एक, दुपारी एक. छाती फार धडधडली तर गोळी बंद करा अन् मला लगेच कळवा." उषाबाई म्हणल्या, "धडधडणारच की आता, लग्नाची मुलगी." सगळे हसले.

येताना टांग्यात दुर्गा तोंड फुगवून बाहेर बघत बसली. तिचं तोंड असं असलं की मला अजून राग येतो.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सायरबाईनं घेवर पाठवले. त्या मारवाडी, त्यांच्यात संक्रांतीला घेवर करतात, तुपानं थिजलेले. पुष्पानं बोटसुदा लावलं न्हाई. म्हणली, "आजी, मला भूकच न्हाई." तिच्या वाटचा मीच खाल्ला, अन् मंग माझा. गुळाच्या पोळ्यांनाबी तिनं हात लावला न्हाई. गोळी काम करून राह्यली, त्याचा आनंद आहेच. पर सणाच्या दिवशी नात उपाशी अन् आजी दोघींचं खाऊन बसली, हे मला काही गोड लागलं न्हाई.

शनिवार, २६ जानेवारी

पोरगी उतरली. गालफडं दिसायला लागली. चोळ्या दोन्ही बाजूनं आत घेतल्या. उषाबाई येऊन बघून गेल्या, तिला वळायला लावलं, मंग पाठीवर थाप मारली. "आता पंप नको," म्हणल्या. मला वाटलं तोच पंप यांच्या तोंडात घालावा. पर लग्न व्हायचंय. मी त्यांना लाडू दिला.

पुष्पाचं वागणं मात्र येगळंच झालं. पहाटे उठून सगळी भांडी घासती, घासलेली पुन्हा घासती. माळ्यावरचे पितळी हंडे काढले. बोलती तर थांबत न्हाई. झोप म्हणलं तर म्हणती, झोप येतच न्हाई. बद्री खूश आहे. म्हणला, "बघ माय, अंग उतरलं तशी चपळ झाली." दुर्गा म्हणली, "चपळ न्हाई हो, ही पोरगी चावी दिल्यावाणी करून राह्यली." मी म्हणले, "तुला तिचं काही चांगलं झालेलं बघवत न्हाई." बोलल्यावर मला वाईट वाटलं. दुर्गा तिची माय आहे. पर बोलले.

काल अन् परवा पुष्पा म्हणली, "आजी, छाती लई धडधडती." थंडीबी भयंकर पडली आहे. मी समजले दम्यानं डोकं वर काढलं. परवापासून दुपारीबी एक पुडी सुरू केली. कडूबाला निरोप धाडला, जास्तीच्या आण.

दुर्गा म्हणली, धडधडलं तर कळवा म्हणला होता डॉक्टर. मी म्हणले, त्याला काय कळवायचं? धडधड दम्याची आहे, अन् दम्याचं तर त्याला सांगायचं न्हाई.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

घाईत लिहिते, अक्षर कसंबी येऊ दे.

आज दुपारी पुष्पा न्हाणीतून बाहेर आली अन् चौकटीला धरून खालीच बसली. तोंड पांढरं, हाताची बोटं थरथर. छातीवर हात ठेवला तर आत कोणी उखळात कांडून राह्यलंय असं. दुर्गा डॉक्टरकडं माणूस धाडते म्हणली. माझं काही ऐकलंच न्हाई तिनं, शेजारच्या गड्याला पाठवून दिलं.

डॉक्टर आला. संगं उषाबाई. त्या तिथंच जेवायला गेल्त्या म्हणं. मला त्या बाईचा असा संताप आला. लेकराचा जीव जाऊन राह्यला अन् ह्या पदर सावरून उशाशी बसल्या.

डॉक्टरनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "दाब फार चढलाय," म्हणला. "एका गोळीनं इतका चढायला नको. आजी, नीट आठवून सांगा. खोकल्याचं, सर्दीचं, दम्याचं काही दिलंय का?"

दम्याचं म्हणला अन् उषाबाईंनी मान वर केली. लगेच. शिकारी कुत्र्यावाणी.

मी म्हणले, "आमच्या सात पिढ्यांत दमा न्हाई."

दुर्गा चुलीकडं तोंड करून उभी होती. तिची पाठ हलत होती. बद्री कामावर होता, तो असता तरी काय बोलला असता? डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या, झोपेचं पातळ औषध दिलं, अंधाऱ्या खोलीत निजवा म्हणला. जाताना दारात थांबला, माझ्याकडं बघितलं. बघायचं काय होतं? गोळी त्याची, दुखणं त्याच्या गोळीचं, अन् चोर म्हणून मला बघतो.

ह्या सगळ्यांचा मला राग आला आहे. वकिलाचा, त्याच्या बायकोचा, त्या सायकलवाल्या मुलाचा, डॉक्टरचा. कोणी मागितली होती बारीक नवरी? भरली पोरगी हसत होती, खात होती. दोन मैल चालायची.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

कालची रथसप्तमी मी मरेपर्यंत विसरायची न्हाई. सगळं लिहिते, बसून राहिले तर डोकं फुटंल.

काल सकाळी पुष्पाला जरा बरं होतं. पर श्वास जल्दी जल्दी घेत होती. मला वाटलं, गोळी बंद झाली, आता दमाच उरला. मी दोन पुड्या एकदम मधात कालवल्या. दुर्गा पाण्याला गेल्ती तेवढ्यात चाटवल्या. मीच चाटवल्या, ह्या बोटानं.

उन्हं अंगणात येईपर्यंत पोरगी डोकं धरून लोळायला लागली. ओकली. म्हणली, "आजी, भिंत हलून राह्यली." अन् मंग दम लागला असताना एकेक शब्द तोडून म्हणली, "पुडी घेतली की अर्ध्या घंट्यात होतं. मी मोजलंय. चार येळा मोजलंय. डॉक्टरला सांग."

मी म्हणले, "सांगितलं तर लग्न मोडंल, माय."

ती म्हणली, "मेल्यावर कोणाशी लावशील?"

अठरा वर्षांची पोर. मला एवढ्या वर्षांत कोणी असं बोललं न्हाई, नवराबी न्हाई. मी पुडीचा डबा उचलला, पदरात धरला अन् टांगा केला. चपला घालायच्या राहिल्या ते टांग्यात बसल्यावर कळलं.

डॉक्टरच्या घरी हळदीकुंकू. शेवटचा दिवस ना. ओसरीवर सतरंज्या, चाळीस-पन्नास बायका, नवी लुगडी, अत्तराचा वास, वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटून राह्यल्या होत्या. करंडा घेऊन उभ्या कोण, तर उषाबाई. भावजयीला मदत करायला आल्त्या. अन् दारात मी. पांढरं कपाळ, अनवाणी.

एक बाई म्हणली, "आजी, मागच्या दारानं या हो. इथं सवाष्णी बसल्यात."

मी म्हणले, "मला कुंकू नको. डॉक्टर पाहिजे."

उषाबाई जल्दीनं पुढं आल्या. हळूच म्हणल्या, "आत चला, आत बोलू. काय झालं?"

आत चला म्हणत होत्या, ते बरं होतं. आत गेले असते तर अजूनबी झाकता आलं असतं. पर मला तो डबा हातात पेटल्यावाणी लागत होता. मी तिथंच, सगळ्या बायकांच्या मध्ये, डबा वर धरून ओरडले, "माझ्या नातीला दमा आहे. चार वर्षांची असल्यापासून आहे. ही त्याची पुडी आहे. मी तिला रोज देते. काल खोटं बोलले. डॉक्टर कुठं आहे?"

गाळण्या वाटायच्या थांबल्या. उषाबाईंचा हात करंड्यात तसाच राहिला.

डॉक्टर जेवणावरून उठून आला. पुडी उघडली, वास घेतला, बोट ओलं करून जिभेला लावलं. तोंड पांढरं पडलं त्याचं.

"ही सोमलता आहे, आजी. दम्याला चांगलीच आहे. पण ही अन् माझी गोळी एकाच कामाच्या. दोन्ही काळजाला पळवतात. एकट्या गोळीनंच ते धावत होतं, त्यात तुम्ही ही दिली. किती दिली?"

मी खरं सांगितलं. दोन टायमाच्या तीन टायम केल्या, सकाळी दोन एकदम दिल्या, सगळं.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं," तो म्हणला. "दम्याची आहे म्हणून कळलं असतं तर मी ती गोळी दिलीच नसती."

तवा माझं डोकं फिरलं. मी म्हणले, "कोणासमोर विचारलं? होणाऱ्या सासूला शेजारी बसवून तुम्ही पोरीचं दुखणं विचारता अन् आम्ही सांगावं? तुमच्या बहिणीला घटकाभर बाहेर बसवता आलं न्हाई? काटा मोठ्यानं वाचता, आजार मोठ्यानं विचारता, अन् मंग म्हणता दोनदा विचारलं. शंभरदा विचारलं असतं तरी मी न्हाईच म्हणले असते."

त्यानं एकदा उषाबाईंकडं बघितलं. मंग बॅग घेतली अन् हात धुवायच्या आधीच टांग्यात येऊन बसला. उष्टा हात तसाच.

अंधार पडेपर्यंत तो पुष्पापाशी बसला. दर घटकेला पट्टा. आज सकाळी पोरीनं डोळे उघडले अन् ताक मागितलं. ताक. मी अंगणात जाऊन रडले, मंग ताक घुसळलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पुष्पा बसती, दोन घास खाती. डॉक्टर एकटा येऊन जातो. दम्याचं आता तोच बघणार आहे.

आज काकासाहेब आले. बसायला पाट दिला तर बसले न्हाईत. म्हणले, "आम्ही सरळ माणसं आहोत. अशी फसवणूक झाल्यावर पुढं कसं जायचं?"

मी म्हणले, "वकीलसाहेब, तुमच्या मेव्हण्याच्या गोळीनं पोरगी गेली असती, तर कोणच्या कोर्टात उभे राह्यला असता?"

ते शांतपणे म्हणले, "गोळी आमची होती, आजी. पुडी तुमची होती."

अन् गेले. सोयरीक मोडली. ते बसले न्हाईत तो पाट मी उचलून आपटला. आता संध्याकाळ झाली तरी त्या माणसाचा राग जाऊन न्हाई राह्यला.

दुर्गानं मला अजून एक शब्द टोचला न्हाई. मी तिला आज म्हणले, "बोल की, बोलून टाक एकदा." ती म्हणली, "आत्याबाई, भाकर गार होती, जेवा." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते. जेवले न्हाई.

वैद्याला निरोप धाडावा असं दोनदा मनात आलं. पर त्याला काय म्हणू? त्यानं पुडी दम्याला दिली होती, ती दम्याला बराबर होती. गोळीचं त्याला कोणी सांगितलं होतं? मीच दोघांच्या मध्ये उभी होते. ह्याला त्याचं सांगितलं न्हाई, त्याला ह्याचं न्हाई.

रविवार, २१ एप्रिल

बरेच दिवस वही उघडली न्हाई. पुष्पा मुलींच्या शाळेत शिकवायला जाती. पुन्हा भरली आहे, उन्हाळ्यात तिला दम्याचा त्रास न्हाई, जेवणावर हात मारती, मला बघून बरं वाटतं.

आज परतूरचे पाव्हणे आल्ते, मुलगी बघायला. मुलगा, बाप, माय, चुलता. मी बद्रीला आधीच सांगून ठेवलं होतं, मधी बोलू नको. पोह्याच्या बश्या हातात दिल्या अन् उभ्यानंच म्हणले, "खायच्या आधी ऐका. मुलीला दमा आहे. औषध चालू आहे. ती अंगानं अशीच राहणार. काय विचारायचं ते आता विचारा."

चुलत्यानं बशी खाली ठेवली. मंग बापानं ठेवली. बाप म्हणला, "कळवतो." हे कळवतो मला कळतं. चौघं उठले. माझ्या अंगाचा भडका झाला, पर मी बश्या गोळा केल्या. पुष्पा पडद्याआड उभी होती, तिच्यापर्यंत आवाज गेला असणारच.

पुरुष अंगणात गेले अन् मुलाची माय चौकटीपाशी रेंगाळली. पुष्पाबाई तिचं नाव, माझ्या नातीचंच नाव. खाली बघून म्हणली, "आजी, माझी धाकटीबी असंच करती. श्वासाला धापा टाकती. अजून घरात कोणाला माहीत न्हाई, हिच्या बापालाबी न्हाई. तुमचं औषध कोणाचं?"

मी तिच्याकडं बघितलं. चाळिशीची बाई, पोरीवाणी घाबरलेली.

चुलता बाहेरून ओरडला, "वहिनी, चला." मी दारातून बद्रीला सांगितलं, सगळ्यांना लिंबाखाली बसव, पाणी दे, मी बोलावीपर्यंत कोणी इकडं यायचं न्हाई. त्या बाईला आत घेतलं, दार लावलं, कडी घातली.

मंग म्हणले, "औषध सांगते. डॉक्टरचंबी नाव सांगते. पर आधी तू सांग, लेकराला सध्या काय काय देऊन राह्यलीस? घरचं, दारचं, अंगाऱ्याचं, सगळं. इथं मी अन् तूच आहे."

ती एकेक सांगायला लागली. बोटं मोजत गेली. एका हाताची संपली, तिनं दुसरा हात वर केला.